तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला, मनापासून थँक्यू

अगं, त्या शुक्रवारी तू जिन्यावरून धावत क्लासला निघालीस आणि मला नीट थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुझं नाव मुद्दाम घालत नाही, तुला अवघडल्यासारखं होईल, पण आपल्या बिल्डिंगमधल्यांना बरोब्बर कळेल कोण ते.

गुरुवारी पाणी बंद होतं, त्यामुळे शुक्रवारी पहाटेपासून मी नळाकडे डोळे लावून बसलेले. किचनमधल्या कार्पोरेशनच्या नळाला पाणी आलं, टाकीही भरली, पण बाथरूमचा नळ नुसता फुसफुस करत होता, पाण्याचा थेंब नाही. त्यात आमच्या आईंची चादर रात्री ओली झालेली. 88 वर्षांच्या आहेत, खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणालाच आहेत, त्यांना कोरडं केल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. कामवाल्या मावशींचा फोन आला, पोराला ताप आहे, येत नाही. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. हे गावाला गेलेले. गॅसवाला दारात उभा आणि तो कोड काही मोबाईलवर येईना. प्लंबरला चार फोन झाले, प्रत्येक वेळी "निघालोच काकू". मी बादलीने किचनमधून बाथरूममध्ये पाणी नेतेय, कंबर भरून आलीय, आणि दुपारी तू सहज विचारायला आलीस की काकू, तुमच्याकडे पाणी आलं का.

तू नळाला कान लावलास आणि म्हणालीस, एअर लॉक झालाय, पाइपात हवा अडकलीय, आमच्या शेतात ठिबकच्या लाइनला असंच होतं. मग बाल्कनीतला पाइप घेऊन एक टोक किचनच्या नळाला आणि दुसरं बाथरूमच्या नळाला लावलंस, मला म्हणालीस तुम्ही हे घट्ट धरा, आणि दोन्ही नळ सोडलेस. किचनचं पाणी जोरात उलटं वर गेलं, पाइप माझ्या हातात थरथरत होता, वर टाकीत गुडगुड गुडगुड आवाज झाला, आणि पाइप काढल्यावर बाथरूमचा नळ धो धो सुरू झाला. हे मी कितीजणांना सांगितलंय तुला माहीत नाही.

आणि माझा हयातीचा दाखला! मी पोस्टातून 2019 ला रिटायर झाले, दर नोव्हेंबरला हे काम असतंच. यंदा बँकेत दोन चकरा झाल्या, त्या मशीनवर माझ्या बोटांचे ठसे उठतच नव्हते, भांडी घासून घासून रेघाच राहिल्या नाहीत. घरबसल्या चेहऱ्यावरून दाखला होतो हे मी ऐकून होते पण धाडस झालं नव्हतं. तू ॲप घेतलंस, माझ्या पेन्शनचा पीपीओ नंबर घातलास, मला खिडकीकडे तोंड करून बसवलंस, "काकू आता डोळे मिचकवा", आणि झालं की! पाच मिनिटांत मेसेज.

एवढं करून तू जाशील असं वाटलं होतं. तर तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणालीस, "काकू, तुम्ही पर्वतीवर जाऊन या, मी आजींपाशी बसते, माझं पुस्तक आणते." तुझी एमपीएससीची परीक्षा तोंडावर आलेली, मला माहीत होतं, मी नको नको म्हणत होते. तू चपलाच पुढे सरकवल्यास.

सप्टेंबरपासून गेले नव्हते गं. त्या 103 पायऱ्या, रुंद आणि उताराच्या, मी पूर्वी रोज चढायचे. यावेळी दोनदा बसले. चढून वर गेल्यावर वारा लागला आणि कंबरेतली कळ खरंच सैल झाली. 1749 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देऊळ, पानिपतानंतर खचून ते इथेच गेले, हे लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या संध्याकाळी मी तिथे नुसती टेकून बसले, कुणाची हाक नाही, हातात बादली नाही. पायथ्याला जलकेंद्र, खडकवासल्याचं पाणी तिथूनच आपल्या पेठांत येतं, आणि दूर सिंहगड, सूर्य मावळला तोवर बसले. पाऊण तास तरी असेन. उतरताना पाय हलके होते, येताना मंडईतून कोथिंबीर घेतली, भाव न विचारता.

घरी आले तर आईंच्या विरळ केसांना तेल लावून तू बारीकशी वेणी घातलेली, आणि त्यांना भूगोलाचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत होतीस, कोकणातल्या नद्या. आई एकेक नाव तुझ्यामागून म्हणत होत्या. मी दारातच उभी राहिले जराशी.

पेपर झाला की ये, थालीपीठ आणि लोणी करते. आणि हो, आई रोज चारच्या सुमाराला विचारतात, ती नद्यांची पोरगी आज येणार का.