दावा करायला सहा मिनिटं, मागे घ्यायला पाच महिने

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मोटार विम्याचा दावा मागे घेण्याविषयीचा कालच्या अंकातला लेख वाचला. ‘दावा नको असेल तर कंपनीला कळवा, नो क्लेम बोनस शाबूत राहतो’ असं सांगून लेखकमहाशयांनी दीड ओळीत विषय आटोपला. (नो क्लेम बोनस म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट.) पुढचे दोन स्तंभ अ‍ॅड-ऑन कव्हर, म्हणजे जादा पैसे मोजून घ्यायची संरक्षणं, किती उपयोगी असतात याला दिले. त्याखाली एका विमा कंपनीची पाव पान जाहिरात होती, तो अर्थात योगायोगच असणार. काल दिवसभर हा लेख डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३१ वर्षं काढली आहेत. तेव्हा आकडे मला कुणी शिकवू नयेत आणि मीही सहसा कुणाला शिकवत नाही. पण या प्रकरणात पहिली चूक माझीच झाली, ती आधी कबूल करतो. गेल्या ऑगस्टमध्ये भर पावसात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला माझ्या गाडीचा मागचा बंपर घासला. हा खांब काळपट रंगाचा आहे, त्याच्यावरचा दिवा दोन वर्षं बंद आहे. पिवळे-काळे पट्टे मारा म्हणून मी कमिटीला तीनदा लेखी दिलं आहे. असो. चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, एवढा हप्ता भरता, क्लेम करून टाका.’ त्यांनीच मोबाइलवरून दावा नोंदवला. घड्याळ लावून सांगतो, सहा मिनिटं लागली. तेवढ्यात चार मेसेज आले. पहिल्यात दावा क्रमांक, दुसऱ्यात गॅरेजचा पत्ता, तिसऱ्यात नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा फोन नंबर, आणि चौथ्यात ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल?’

कॅशलेस गॅरेजने ९,४०० रुपयांचं एस्टिमेट दिलं. बंपर ५,२००, रंगकाम ३,६००, मजुरी ६००. सर्व्हेअर भला माणूस होता. फोटो काढता काढता तोच हळूच म्हणाला, ‘काका, हिशोब करून बघा एकदा.’ रात्री जेवण झाल्यावर कागद घेतला. बंपर प्लास्टिकचा, म्हणजे त्यावर घसारा (वापराने घटलेली किंमत, ती कंपनी देत नाही) ५० टक्के, मिळणार २,६००. रंगकामातला चौथा हिस्सा माल धरतात आणि त्यावरही निम्मा घसारा, म्हणून तिथे ४५० गेले, राहिले ३,१५०. मजुरी पूर्ण. झाले ६,३५०. त्यातून १५०० सीसीच्या आतल्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. माझ्या पदरात ५,३५०.

आता दुसरी बाजू. पाच वर्षं एकही दावा केला नव्हता, त्यामुळे माझा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचला होता. थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्याच्या, ३,४१६ रुपयांवर हा बोनस लागत नाही, तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर. माझा तो हप्ता ८,६००, मी भरत होतो ४,३००. दावा घेतला की पुढच्या वर्षी बोनस शून्य. मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत ५० वर यायचं. म्हणजे पहिल्या वर्षी ४,३०० जास्त, दुसऱ्या वर्षी २,५८०, मग २,१५०, मग १,२९०, शेवटी ४३०. बेरीज १०,७५०, वर १८ टक्के जीएसटी. गाडी जुनी होते तसा हप्ताही उतरतो हे मान्य, त्यासाठी दोन-तीन हजार कमी धरा. तरीही ५,३५० मिळवण्यासाठी मी नऊ-दहा हजार घालवणार होतो. हे गणित त्या लेखात असायला हवं होतं की नको, हे आपणच ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, गॅरेजने पाना हातात घेण्याआधी, मी कंपनीला फोन केला. ‘दावा मागे घ्यायचा आहे.’ पलीकडच्या मुलीला वाटलं मी दावा करतोय. तिने अपघाताची तारीख विचारली. तिसऱ्या फोनला कळलं की लेखी ईमेल हवा. केला. उत्तर आलं, ‘आपली विनंती मिळाली आहे.’ विनंती! माझा दावा, माझी गाडी, माझा बंपर, एक पैसाही घेतलेला नाही, आणि तरी विनंती. आठ दिवसांनी पोर्टलवर ‘क्लोज्ड’ असा शब्द दिसला. मी निश्चिंत झालो. कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने बंपर न बदलता, तोच तापवून, ठोकून, रंगवून २,२०० रुपयांत करून दिला. (गॅरेजला नवाच बंपर का हवा होता, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

डिसेंबरात नूतनीकरणाची नोटीस आली. बोनस शून्य टक्के.

‘क्लोज्ड’ म्हणजे मागे घेतला असं नव्हे, हे तेव्हा कळलं. पैसे देऊन बंद केलेला दावाही क्लोज्ड आणि न देता बंद केलेलाही क्लोज्ड. नूतनीकरणाचं कॉम्प्युटर फक्त एवढंच बघतं की या वर्षी दावा नोंदला गेला होता. मी म्हटलं, अहो, दिलेली रक्कम शून्य आहे, तुमच्याच पोर्टलवर आहे. तर म्हणे, ‘सर, सिस्टीम घेत नाही.’ जिल्हा परिषदेत आम्ही ‘फाइल वर गेली आहे’ म्हणायचो, त्याची ही नवी आवृत्ती.

एजंटाने तोडगा सुचवला: ‘दुसऱ्या कंपनीत जा, फॉर्मवर ५० टक्के लिहा, कोण बघतंय!’ बघतात. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून बोनसची खात्री करून घेऊ शकते, आणि खोटं निघालं तर पुढे खरोखर मोठा अपघात झाल्यावर तोच कागद माझ्यासमोर धरणार. शिवाय मी खोटं काय म्हणून लिहायचं? माझं खरंच आहे ना! दुसऱ्या एका अधिकाऱ्याने शांतपणे सांगितलं की पॉलिसी संपल्यावरही ९० दिवस बोनस टिकतो, घाई करू नका. म्हणजे ९० दिवस गाडी पार्किंगमध्ये, त्याच खांबाशेजारी, हळदकुंकू वाहून ठेवायची का? थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर गाडी आणणं गुन्हा आहे, हे विमा कंपनीच्या माणसाला मी सांगायचं.

शेवटी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रीतसर पत्र लिहिलं, आणि उत्तर आलं नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे जाईन असं त्यात स्पष्ट घातलं. ते कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. पॉलिसी १७ जानेवारीला संपत होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ५० टक्के दाखवणारी सुधारित नोटीस आली. दिलगिरीचा शब्द नाही. तिळगूळ पाठवावा असं एकदा मनात आलं होतं.

लेखकमहाशयांनी हाच त्रास चुकवायला ‘एनसीबी प्रोटेक्ट’, म्हणजे दावा केला तरी नो क्लेम बोनस राखणारं अ‍ॅड-ऑन, घ्या असं सुचवलं आहे. म्हणजे गाडी नीट चालवल्याचं बक्षीस टिकवायला आणखी पैसे मोजायचे. छान. माझं मागणं एवढंच आहे की दावा नोंदवताना जसा क्रमांकासह मेसेज येतो, तसाच मागे घेतल्यावर ‘दावा मागे घेतला, दिलेली रक्कम शून्य, बोनस कायम’ एवढा एका ओळीचा मेसेज यावा. हैदराबादच्या विमा नियामकांनी कंपन्यांना तेवढं सांगावं. आणि ज्या वाचकांनी कालचा लेख वाचून आज फोन उचलला असेल, त्यांनी तो ठेवून ईमेल करावा आणि उत्तरात हे तीन शब्दप्रयोग आल्याशिवाय गप्प बसू नये.

आणखी एक. दावा मागे घेतला की विषय संपला, असं लेखात सुचवलं आहे, ते धोक्याचं आहे. स्वतःच्या बंपरपुरतं ठीक. पण समोरच्या कुणाला लागलं असेल, दुचाकीवाला पडला असेल, तर आपण आपल्या गाडीचा खर्च मागितला नाही म्हणून त्याचा हक्क संपत नाही. उद्या तो मोटार अपघात न्यायाधिकरणात गेला तर नोटीस आपल्यालाही येते. तेव्हा कंपनीला अपघात कळवलेलाच नसेल तर तोंड लपवायला जागा उरणार नाही. माझ्या मेहुण्यांनी हे अनुभवलं आहे, पण ते त्यांनी लिहावं.

आपला,
२२ वर्षांचा वर्गणीदार,
डहाणूकर कॉलनी, पुणे

ता. क. मागच्या वेळी आपण माझं पत्र निम्मं कापलंत आणि मुद्दा नेमका कापलेल्या निम्म्यात होता. या वेळी जागा कमी पडली तर मेहुण्यांना काढा, आकडे काढू नका. खांबही राहू द्या. आमच्या कमिटीचे अध्यक्ष आपलाच पेपर घेतात.