सर, कीबोर्ड माझ्याकडंच राहू दिलात म्हणून

सर, नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते. पण मार्चएंडच्या गडबडीत उदगीरहून आलेले सर म्हणलं की आमच्या ऑफिसात सगळ्यांना कळतंय. त्या दिवशी धड थँक्यू बी म्हणता आलं नाही, म्हणून हे लिहायले.

लातूर जिल्ह्याचे १० तालुके, तशा आमच्याकडं एसक्यूएल प्लसच्या (ऑरॅकल डेटाबेसला हुकूम पाठवायचा प्रोग्राम) १० स्क्रिप्ट फाईली, म्हणजे हुकूम लिहून ठेवलेल्या. पीककर्ज थकबाकीची तीच लांबलचक व्हेअर कंडिशन (कुठल्या नोंदी घ्यायच्या ती अट) प्रत्येकीत चिटकवलेली. एक ओळ बदलली की औशाची फाईल नवी, निलंग्याची जुनी, अन् बेरीज काही केल्या जुळंना. ज्यांनी हे बसवून दिलं त्यांना फोन केला तर "मॅडम, फाइंड रिप्लेस मारा ना", एवढंच. एएमसीचं (वर्षाच्या देखभालीचं) बिल मात्र कधी उशिरा आलं नाही बघा. दुसरे एक साहेब आले, त्यांनी माझ्याकडनं कीबोर्ड ओढून घेतला, खटाखट काहीतरी मारलं, "झालं" म्हणले अन् गेले. काय झालं ते त्यांनाच माहीत.

तुम्ही बाजूला खुर्ची घेऊन बसलात आणि म्हणलात, "तुम्हीच टाइप करा, मी हाय इथंच." माझी बोटं हळू चालायलीत, मागं लोक खोळंबलेत, तरी तुम्ही एकदाही हात पुढं केला नाही. मला अजून तेवढंच आठवत राहतंय.

कंडिशन एकाच फाईलीत ठेवली, बाकीच्यांत डबल ॲटनं (@@ लिहून) ओढली, म्हणजे फोल्डर हलवलं तरी शेजारची फाईल सापडती. डिफाइनमध्ये, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या व्हेरिएबलमध्ये, २४० कॅरेक्टरच बसतात, म्हणून तालुका अन् तारीख तेवढी त्यात. व्हेरिएबलच्या नावाआधी एक अँपरसँड (&) लावला की किंमत दर वेळी विचारतंय, दोन लावले की एकदाच विचारून लक्षात ठेवतंय, म्हणून पुढच्या तालुक्याआधी अनडिफाइन, म्हणजे ते विसरायला लावायचं. व्हेरिफाय ऑन करायला लावून ओल्ड अन् न्यू (किंमत भरायच्या आधीच्या अन् नंतरच्या) ओळी मला मोठ्यानं वाचायला लावल्या, तेव्हा कळलं की सर्व्हरला यातलं काहीच माहीत नसतंय, एसक्यूएल प्लस नुसता मजकूर बदलून पुढं पाठवतंय. मग कोट (अवतरण चिन्हं) कुठं द्यायचे ते आपोआप उमगलं. आडतीतल्या एका फर्मच्या नावात "& सन्स" होतं, त्याला ते व्हेरिएबलच वाटलं, तर स्क्रीनवर "एंटर व्हॅल्यू फॉर सन्स" आलं, तुम्ही हसलात, मी बी हसले. मार्चमध्ये आमच्या ऑफिसात कुणी हसतंय व्हय!

शिकलेली माणसं गावोगाव हायत हो, पण समोरच्याला कमी न लेखता शिकवणारं माणूस क्वचित भेटतंय. फी विचारली तर चहावर भागवलंत, तो बी बिनसाखरेचा.

आता देवणीची यादी पाहिजे असली की मी कुणाला फोन करत नाही. फक्त ते कॉलमचं न्यू व्हॅल्यू अर्धवट राहिलंय सर, क्वेरीतनं आलेली तारीख थेट व्हेरिएबलमध्ये घ्यायचं. पुढं लातूरला आलात की तेवढं दाखवा, टाइप मीच करीन.