रात्रपाळीबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात बाबांनी फोनवर विचारले, "हे रात्रीचे जागरण आणखी किती वर्षे करणार आहेस?" मी घाईत असल्याचे सांगून फोन ठेवला. खरे तर मी घाईत नव्हते, उत्तर टाळत होते. ते आज सविस्तर लिहिते.

आई, तू विचारले होतेस की आमच्या झोप-तपासणी केंद्रात रात्री झोपायला आलेल्या रुग्णाच्या अंगाला इतक्या वायरी लावल्यावर तो झोपतो तरी कसा. डोक्याचे माप घेऊन, जागा खुणावून, डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर आणि नडग्यांवर इलेक्ट्रोड चिकटवायचे, छाती-पोटाला पट्टे बांधायचे, नाकाशी नळी आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप लावायची, यात पाऊण तास सहज जातो. त्या पाऊण तासात मी रुग्णाशी बोलत राहते, कारण भीती गेल्याशिवाय झोप येत नाही. मला हा कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, आणि तो कोणत्याही अहवालात उतरत नाही.

त्यानंतर रात्रभर मी पडद्यासमोर असते. मेंदूच्या लहरी, श्वास आणि ऑक्सिजन यांची नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचली जाते. काही रुग्णांच्या बाबतीत छाती-पोट हलत असते, पण नाकातून हवा जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून अधिक. ऑक्सिजन उतरतो, माणूस धडपडून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो, सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. असे अडथळे तासाला तीस किंवा त्याहून जास्त आले, तर झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, तीव्र मानतात. अशा वेळी, डॉक्टरांच्या सूचना असतील तर, मी मास्क लावून हवेचा दाब (तो पाण्याच्या उंचीत मोजतात) चार सेंटिमीटरपासून हळूहळू वाढवत नेते. योग्य दाब सापडला की घोरणे थांबते, श्वासाची रेषा एकसारखी होते आणि तो माणूस कदाचित कित्येक वर्षांनी गाढ झोपतो. डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ऑस्ट्रेलियात हा उपचार १९८१ साली मांडला. त्यापूर्वी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडणे हाच होता. हे आठवले की पहाटे तीन वाजता खुर्चीत ताठ बसण्याचे बळ येते.

आता जे लपवले ते. सहा महिन्यांपूर्वी सलग पाचव्या रात्री मला बसल्या बसल्या डुलकी लागली. तेवढ्यात रुग्णाच्या नाकाची नळी निसटली, आणि चाळीस मिनिटांची नोंद वाया गेली. त्या वयस्कर गृहस्थांना पुन्हा एक रात्र त्या वायरींमध्ये काढावी लागली. त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही, मला मात्र ते अजून बोचते. दुसऱ्यांची झोप मोजणारी मी स्वतः दिवसाला चार तास झोपत होते.

बाबा, तुमची काळजी अनाठायी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ बिघडवणारी पाळी 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातली आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबतचा तोच निष्कर्ष कायम ठेवला. त्या चुकीनंतर मी वरिष्ठांना सर्व सांगून सलग तीनपेक्षा जास्त रात्री न देण्याची विनंती केली. ती मान्य झाली, हे मी आधीच मागायला हवे होते.

दुसरी अडचण कामाच्या भवितव्याची आहे. साध्या तपासण्या आता घरी नेण्याच्या छोट्या यंत्रावर होतात, त्यामुळे आमच्याकडच्या रात्री कमी झाल्या आणि दोन सहकारी नोकरी सोडून गेले. रुग्णाला स्वतःच्या बिछान्यात झोपता येते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातली बहुतेक यंत्रे मेंदूच्या लहरी नोंदवत नाहीत, त्यामुळे माणूस प्रत्यक्षात किती वेळ झोपला हे त्यांना नेमके कळत नाही. हृदयविकार असलेले, स्नायू दुर्बळ झालेले, झोपेत उठून चालणारे, आणि लहान मुले, असे रुग्ण आमच्याकडेच येतात, आणि त्यांच्यासाठी अधिक जाणकार माणूस लागतो. संगणक झोपेच्या अवस्था ठरवू लागला आहे, तरी त्याचे काम तपासणारे डोळे हवेतच. म्हणून मी नोंदींचे विश्लेषण, म्हणजे स्कोअरिंग, नीट शिकते आहे. ते दिवसा करता येते. वर्षभरात महिन्यातल्या निम्म्या रात्री तरी कमी व्हाव्यात, असा माझा प्रयत्न आहे. काम मात्र मी सोडणार नाही.

तोपर्यंत एक विनंती आहे. सोमवार ते बुधवार माझ्या रात्रपाळ्या असतात, त्यामुळे मंगळवार ते गुरुवार सकाळी फोन करू नका. मी दुपारी तीनपर्यंत पडदे लावून झोपलेली असते. चारनंतर मी स्वतः फोन करीन, आणि या वेळी घाईत नसेन.

तुमची,
लेक