भाषा एक, देश दोन: ब्रेडाहून आबांना पत्र

ब्रेडा, नेदरलँड्स

तीर्थरूप आबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्या गावात डच बोलतात, तिकडं अँटवर्पातबी डच. मग देश दोन कशाला?" उमेदीची वर्षं सीमालढ्याच्या मोर्च्यांत घालवलेल्या माणसाला हे खटकणारच. फोनवर आई मध्येच घाई करते, म्हणून निवांत लिहिते.

आधी जमीन सांगते. इथून बेल्जियममधलं अँटवर्प पन्नासेक किलोमीटर. वाटेत सरहद्द कधी ओलांडली ते कळत नाही. दोन्हीकडे तीच सपाट रेताड माती, तोच मका, त्याच काळ्यापांढऱ्या गाई. बदलतात ती घरं. डच गावात ती ओळीनं, एका मापाची, गाव जिथं संपायचं तिथंच संपतं. बेल्जियमात ज्याच्या मनात येईल तसं बांधलेलं: तीन मजली घराशेजारी बैठं घर, मध्येच मोकळा प्लॉट, आणि रस्त्याच्या कडेकडेनं एक गाव दुसऱ्याला जाऊन चिकटलेलं. खरं सांगू? मला ती बेशिस्तच आवडते.

इथल्या शिस्तीचं मूळ पाण्यात आहे. या देशाची साधारण पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. एका गावानं बांध नीट राखला नाही तर शेजारची चार गावं बुडणार. त्यामुळे राजा कोण याची पर्वा न करता लोकांनी मध्ययुगापासून पाण्याची मंडळं चालवली. आजही अशी 21 मंडळं आहेत, त्यांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी. माझ्याकडे इथलं नागरिकत्व नाही, तरी त्या निवडणुकीत मला मत आहे! एवढं असूनही 1953 च्या फेब्रुवारीत नैऋत्येकडचे बांध फुटले आणि 1836 माणसं गेली. त्यानंतर खाड्यांच्या तोंडांवर जे बांध आणि दरवाजे उभे राहिले ते पाहायला तुम्हाला नेणार आहे. डोंगर मात्र मागू नका. इथला मुख्य भूमीवरचा सर्वांत उंच माथा 322 मीटर, आपलं कोल्हापूर शहरच त्याहून वर आहे. बेल्जियमला दक्षिणेत आर्देनचं जंगल आहे, तिथं जमीन 694 मीटरपर्यंत चढते.

आता तुमचा प्रश्न. दोन देश झाले ते भाषेमुळे नाही, धर्म आणि लढाईमुळे. सोळाव्या शतकात हा सगळा मुलूख स्पेनच्या राजाचा. 1568 मध्ये बंड पेटलं. 1585 मध्ये स्पॅनिश फौजेनं अँटवर्प जिंकलं, तेव्हा तिथले प्रोटेस्टंट व्यापारी, कारागीर, छापखानेवाले उत्तरेला निघून गेले. ॲमस्टरडॅमच्या वैभवात त्यांचा मोठा वाटा आहे. पुढे 1648 च्या तहानं उत्तर स्वतंत्र झाली, दक्षिण स्पेनकडेच राहिली. अँटवर्पची शेल्ट नदी समुद्राला मिळते ती डच हद्दीतून, आणि डचांनी तिथली जहाजवाहतूक दोनेकशे वर्षं अडवून धरली. बंदराचं गाव, पण बंदर बंद. 1815 मध्ये दोघांना पुन्हा एका राजाखाली आणलं, ते 1830 पर्यंतच टिकलं, मग दक्षिणेचं बेल्जियम झालं.

गंमत अशी की ब्रेडा त्या विभागणीत उत्तरेच्या वाट्याला आलं, तरी वळण दक्षिणेचंच राहिलं. जुनं ब्राबांट मधोमध कापलं, त्याचा हा वरचा तुकडा. इथं परंपरेनं कॅथलिक लोक, फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हलला अख्खं गाव वेष पालटून रस्त्यावर. ॲमस्टरडॅमवाल्यांचा घशातला खरखरीत उच्चार इथं मऊ होतो आणि सरहद्दीपलीकडेही तसाच मऊ राहतो. माझ्या मते खरी सीमा नकाशावर आहे त्याच्या जरा उत्तरेला, मोठ्या नद्यांवर आहे.

कामाच्या ठिकाणी मात्र देश वेगळे दिसतात. डच साहेब तोंडावर सांगतो, "हे चुकीचं आहे," आणि लगेच पाव-चीजचा डबा उघडतो. अँटवर्पची मंडळी "बघू या" म्हणतात, त्याचा अर्थ बहुधा नाही असतो, पण दुपारी गरम जेवायला घेऊन जातात. तूरडाळ आणि हिंग मी तिकडूनच आणते. हिऱ्यांच्या धंद्यामुळे गुजराती जैन कुटुंबं तिथं स्थायिक आहेत, त्यामुळे खाण्याची ददात नाही.

आणि भाषेचं भांडण तुम्हाला हवंच असेल, तर ते दोन देशांमध्ये नसून बेल्जियमच्या पोटात आहे. उत्तर डच बोलते, दक्षिण फ्रेंच, पूर्वेला थोडे जर्मन. 1962-63 मध्ये त्यांनी भाषेनुसार रेघ आखली. तेव्हा फुरेन नावाची सहा खेडी फ्रेंच बाजूच्या लिएज प्रांतातून काढून डच बाजूच्या लिम्बुर्गला जोडली. वस्ती जेमतेम चार हजार, पण बेळगाव-निपाणीचीच कथा: मोर्चे, मारामाऱ्या, गावाच्या पाट्यांना फासलेला रंग. डच भाषेची परीक्षा द्यायला तिथल्या महापौरानं नकार दिला आणि त्या वादापायी 1987 मध्ये ब्रुसेल्सचं सरकार पडलं. जनगणनेतल्या भाषेच्या आकड्यांवरून एवढी जुंपायची, की 1961 मध्ये ते प्रश्नच काढून टाकले. ल्युवेनचं विद्यापीठ 1968 मध्ये भाषेवरून फुटलं, तेव्हा ग्रंथालयाची पुस्तकंही वाटून घेतली. 2010 च्या निवडणुकीनंतर नवं सरकार यायला 541 दिवस लागले. देश तरी चालूच होता. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाबद्दल अजून तावातावानं बोलणाऱ्या तुमच्या कट्ट्यावर हे वाचून दाखवा आणि निपाणीकर मंडळी काय म्हणतात ते मला कळवा. जनगणनेतला भाषेचा रकाना काढायची कल्पना त्यांना मुळीच पसंत पडणार नाही, असा माझा अंदाज.

फुरेन त्या 322 मीटरच्या माथ्यापासून फार लांब नाही. तुम्ही मे महिन्यात आलात की एकाच फेरीत दोन्ही करू. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याआधी उरकून घ्या, पुढे ढकलू नका. आजीला नमस्कार, चिंट्याला आशीर्वाद.

तुमची नात,
मनू