उडत्या सरड्यालाही जागा हवी

महोदय,

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात रबरासाठी जंगल तोडण्याचा विषय निघाला की वाघ-हत्तींची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. उडत्या सरड्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. केरळपासून कर्नाटक, गोव्यामार्गे पसरलेल्या त्याच्या टापूच्या उत्तर टोकाकडे आपला सिंधुदुर्ग येतो.

हा सरडा खऱ्या अर्थाने उडत नाही. लांबलेल्या बरगड्यांवरचा पातळ पडदा छत्रीसारखा उघडून तो एका खोडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. तरंगताना उंची कमी होते, म्हणून पुन्हा वर चढायचे आणि पुढची झेप घ्यायची. सालीवरच्या मुंग्या हे त्याचे मुख्य खाणे. खोडावर तो दिसतच नाही. नर गळ्याखालची पिवळी पिशवी बाहेर काढतो तेव्हाच नजरेत भरतो. मादी जमिनीवर येते ती प्रामुख्याने मातीत अंडी घालायला.

विशेष म्हणजे माडा-पोफळीच्या बागांतही तो राहतो. सरळ, उघडी, जवळजवळची खोडे त्याला मानवतात. तेव्हा बागायतदाराला दोष देण्याचे कारण नाही. घात होतो तो डोंगरउतार सरसकट बोडका केल्याने. झेपेच्या टप्प्यात झाडच उरले नाही तर त्याने जायचे कुठे?

नवी लागवड करताना ओढ्याकाठची आणि बांधावरची जुनी झाडे राखणे सक्तीचे करावे, आणि वनविभागाने गावकऱ्यांच्या मदतीने या सरड्याच्या नोंदी ठेवाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सावंतवाडी