वेडाचा आरोप, हा नुसता मुलामा

संपादक महाशय,

रोमन बापाच्या मर्जीपुढे पोरांचे काही चालत नसे, आणि फारच झाले तर ‘बाप वेडा होता’ म्हणून कोर्टात जायचे, असे वारसाहक्काच्या इतिहासावरच्या लेखांत हटकून वाचायला मिळते. यात दोन्हीकडे गफलत आहे.

माणूस खरोखर वेडा असेल, तर त्याचे मृत्युपत्र मुळातच रद्द. ‘क्वेरेला इनऑफिशिओसी टेस्टामेंटी’ हा दावा असे तो शहाण्या माणसाने नात्याचे कर्तव्य मोडून केलेल्या मृत्युपत्राविरुद्ध. इतका अन्याय शुद्धीवरचा माणूस करीलच कसा, एवढ्यापुरता वेडाचा मुलामा. वादीला दाखवावे लागे ते इतकेच, की बेदखल व्हावे असे आपल्या हातून काही घडले नव्हते.

शिवाय हा शेवटचा उपाय. आधी कागद तपासायचा. बापाच्या सत्तेखालच्या मुलाला वगळायचे तर ‘माझा मुलगा टिटिअस वारस नसावा’ असे नाव घेऊन लिहावे लागे. तसे लिहायचे राहिले की मृत्युपत्र बाद. मुली-नातवंडांसाठी ‘बाकी सर्व वारस नसावेत’ एवढे मोघम वाक्य चाले. बापाने आपल्या सत्तेतून मोकळ्या केलेल्या मुलाचा उल्लेखच नसेल, तर त्याने वर्षाच्या आत प्रेटरकडे, म्हणजे रोमच्या न्यायाधिकाऱ्याकडे, मालमत्तेचा ताबा मागायचा. कागद निर्दोष निघाला तरच क्वेरेला. आईच्या मृत्युपत्राविरुद्ध मात्र मुलांना थेट हाच रस्ता, कारण आईला ती सत्ताच नव्हती आणि तिने नाव न घेणे म्हणजेच बेदखल करणे.

दावा मुलांचा आणि आईवडिलांचा. भावाबहिणींना तो मिळे, पण वारस म्हणून एखादी बदनाम व्यक्ती नेमली असेल तरच. त्यापलीकडच्या नातलगांनी फुकट खर्चात पडू नये, असा रोमन कायदेपंडित उल्पिआनसचा रोखठोक सल्ला आहे.

पुढचा अडसर हिशेबाचा. मृत्युपत्र नसते तर जो वाटा आला असता, त्याचा चौथा भाग मिळाला असेल तर तक्रारीला जागा नाही. कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता ८०,००० सेस्टर्स (रोमन नाणी) उरले आणि मुलगे दोन, तर प्रत्येकाचा वाटा ४०,०००. त्याचा चौथा भाग १०,०००. हुशार बाप नकोशा मुलाला नेमके तेवढेच ठेवून मोकळा होई.

पण बहुतेक लेखांतून सुटते ती गोष्ट वेगळीच आहे. वादीने मृत्युपत्र एकदा मान्य केले की दावा संपला, आणि ही मान्यता नकळत देता येई. मृत्युपत्राने दिलेली रक्कम घेतली, वारसाला वारस समजून त्याच्याकडून त्या मालमत्तेतले काही विकत घेतले, जमीन खंडाने घेतली, बापाचे देणे त्याच्या हाती चुकते केले, की हक्क गेला. दुसऱ्या कुणाची मृत्युपत्री देणगी वसूल करून द्यायला वकील म्हणून उभे राहिले तरीही तेच. अपवाद पालकाचा : पाल्याच्या नावाने देणगी स्वीकारली तरी पालकाचा स्वतःचा दावा शाबूत. दावा लावायची मुदत आधी दोन वर्षे होती, पुढे पाच झाली. आणि हरलात तर मृत्युपत्रात तुमच्या नावे जे असेल, तेही सरकारजमा.

रोममध्ये हे खटले सेंटुम्व्हिरी नावाच्या न्यायाधीशांच्या मोठ्या न्यायालयात चालत. अत्तिआ व्हिरिओला हिला ऐंशी वर्षांच्या बापाने सावत्र आई घरात आणल्यावर अकरा दिवसांच्या आत बेदखल केले. तिचे वकीलपत्र धाकट्या प्लिनीकडे होते. बॅसिलिका ज्युलिआ या सभागृहात चार मंडळांचे मिळून १८० न्यायाधीश बसले, सज्जे माणसांनी भरून गेले. दोन मंडळांचा कौल तिच्या बाजूने, दोघांचा विरुद्ध. सहाव्या हिश्श्याची वारस असलेली सावत्र आई मात्र हरली. मते समसमान पडली तर काय, यावर कायदेपंडित मार्सेलसचे मत असे, की निकाल उघडच अन्यायाचा नसेल तर मृत्युपत्राच्या बाजूचा कौल धरावा. अनेक वारसांपैकी एकाविरुद्ध जिंकून दुसऱ्याविरुद्ध हरणेही शक्य होते. मग मालमत्तेचा काही भाग मृत्युपत्राने जाई, काही मृत्युपत्र नसल्यासारखा.

सम्राट जस्टिनिअनने हे सारे बदलले. इ. स. ५२८ पासून वादीला थोडेफार जरी ठेवलेले असले, तरी मृत्युपत्र मोडायचे नाही, कमी पडलेली रक्कम तेवढी भरून मागायची. ५३६ मध्ये मुलांचा किमान वाटा चौथ्यावरून वाढला : चार मुलांपर्यंत एक तृतीयांश, त्याहून अधिक असतील तर निम्मा. ५४२ मध्ये मुलाला बेदखल करण्याची १४ कारणे ठरवून दिली. आईबापांवर हात टाकणे त्यात होते, कैदेत पडलेल्या बापाला न सोडवणेही. कारण मृत्युपत्रातच लिहावे लागे आणि ते खरे असल्याचे सिद्ध करणे नेमलेल्या वारसाकडे आले. त्याला ते जमले नाही तर वारसाची नेमणूक रद्द होई, पण इतरांना दिलेल्या देणग्या कायम राहत. पूर्वी मृत्युपत्र पूर्ण कोसळले की देणग्याही बुडत. म्हणूनच वारस आतून वादीला सामील होऊन मुद्दाम हरतो आहे असा संशय आला, तर देणगी मिळणाऱ्यांना स्वतः अपील करण्याची मुभा द्यावी लागली होती.

आपला,
रोमन कायद्याचा एक अभ्यासक