बेल्ट बोंबलतोय, पण दुखणं त्याचं नाही

काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी दुरुस्त झालेली गाडी घेऊन तुमच्या गॅरेजमधून निघाले तेव्हा तुमच्या हातात दुसऱ्या कुणाच्या तरी क्लचचं काम होतं आणि मलाही घरी पोचायची घाई होती. नुसतं ‘येते काका’ म्हणून निघाले. नीट आभार मानायचे राहूनच गेले, ते आज मानते आहे. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

आईचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असतं. पहाटे साडेपाचला मी खाली जाऊन गाडी सुरू करते, तोवर आई तिसऱ्या मजल्यावरून हळूहळू लिफ्टपाशी येते. मे महिन्यापासून सेल्फ मारला की बॉनेटमधून चिमणीसारखं चीं-चीं-चीं सुरू व्हायचं. ॲक्सिलरेटर दाबला की चीं-चीं आणखी भरभर. आवाज इंजिनाच्या बेल्टचा होता. आवाजाचं एक वेळ सोडा, पण आमच्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसी आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप हे सगळं त्या एकाच बेल्टवर फिरतं. तो तुटला तर बॅटरी चार्ज व्हायची थांबते आणि पंप बंद पडल्यावर इंजिन तापायला फार वेळ लागत नाही. डायलिसिसहून परतताना आईला धड उभंही राहवत नाही. तिला घेऊन दांडेकर पुलावर बंद गाडीत बसावं लागलं तर, या विचाराने मला झोप लागत नव्हती.

तुमच्याकडे येण्याआधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दोनदा बेल्ट बदलून झाला होता. नव्या बेल्टने चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी त्यांनी बेल्ट करकचून ताणला आणि वरून कसलासा स्प्रे मारला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अल्टरनेटरच बदलायला सांगितला. आकडा ऐकून मी गाडी परत आणली.

तुम्ही बॉनेटला हात लावण्याआधी मला तीन प्रश्न विचारलेत. एसी लावल्यावर आवाज वाढतो का? हेडलाइट लावल्यावर? आणि पाण्यातून गाडी गेली की गप्प बसते का? पहिल्या दोन्हींना मी नाही म्हटलं. तिसऱ्यावर मात्र मी चमकले, कारण सिंहगड रस्त्यावरच्या डबक्यातून गेलं की आवाज खरंच बंद व्हायचा, आणि दर वेळी मला वाटायचं, झाली बाई बरी. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग इस्त्रीला वापरतात तसल्या फवाऱ्याच्या बाटलीने तुम्ही चालत्या इंजिनाच्या बेल्टवर, खाचांच्या बाजूने, पाणी मारलंत. चीं-चीं जागच्या जागी थांबलं. मोजून सात-आठ सेकंद, पाणी उडालं की पुन्हा सुरू. तुम्ही म्हणालात, “ताई, पाण्याने आवाज वाढला असता तर बेल्ट घसरतोय, म्हणजे सैल आहे असं धरलं असतं. हा गप्प बसला, म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. बेल्ट बोंबलतोय, पण दुखणं त्याचं नाही.”

इंजिन बंद करून तुम्ही बेल्ट उतरवलात आणि लोखंडी पट्टी खालच्या क्रँकच्या पुलीला टेकवून मला वाकून बघायला लावलंत. अल्टरनेटरची पुली पट्टीच्या बाहेर डोकावत होती. दोन मिलिमीटर असेल फार तर, पण एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. एप्रिलमध्ये अल्टरनेटर खोलला होता, तेव्हा परत बसवताना ब्रॅकेटचा एक वॉशर चुकीच्या बाजूला गेला होता. बेल्ट पुलीच्या खाचेत दर वेळी तिरका शिरत होता आणि चिवचिवत होता. एवढ्याशा वॉशरपायी दोन बेल्ट आणि माझे दोन महिने गेले.

इथे थांबला असतात तरी मी खूश होऊन निघाले असते. पण बेल्ट उतरलेलाच होता, म्हणून तुम्ही एकेक पुली हाताने फिरवून बघितलीत. पाण्याच्या पंपाची लोण्यासारखी फिरली. मधली आयडलर पुली, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी, तुम्ही मला फिरवायला दिलीत. आत बारीक वाळू असावी तशी खरखर बोटांना लागली आणि पुली किंचित डुगडुगलीही. बेल्ट फाजील ताणला की बेअरिंगवर भार येतो आणि ते असं जातं, हे तुम्ही सांगितलंत. तेव्हा त्या ‘करकचून’चा अर्थ मला कळला. पोराला नाना पेठेत पिटाळून तासाभरात नवी पुली आणवलीत, तोवर चिकट स्प्रे लागलेल्या खाचा ब्रशने घासून साफ केल्यात.

मी नवा बेल्टही टाका म्हटलं. तुम्ही तो उजेडात धरलात, कडेचे दोरे निघालेत का बघितलंत, खाचांवरून नख फिरवलंत आणि म्हणालात, “चांगला आहे. हाच चालवा, हजार किलोमीटरनंतर दाखवून जा.” विकता येणारी वस्तू तुम्ही विकली नाहीत, हे मी विसरणार नाही. पुली आणि मजुरी मिळून साडेबाराशे रुपये झाले. माझ्या मुलाला तुम्ही मोठा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बेअरिंग कसं ऐकायचं ते शिकवलंत, आणि फिरत्या बेल्टपासून ओढणी लांब ठेवा म्हणून मला दोनदा दटावलंत. तेवढ्या आपुलकीने हल्ली दटावतं कोण?

गुरुवारी पहाटे मी नेहमीसारखी गाडी सुरू करून थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आईचा पत्ता नाही. शेवटी तिचाच फोन आला, “अगं, अजून गाडी सुरू नाही केलीस? मी केव्हाची आवाजाची वाट बघत्येय.”

हजार किलोमीटर दिवाळीच्या आसपास होतील. बेल्ट दाखवायला येईन तेव्हा आईलाही घेऊन येते. तिला तुम्हाला भेटायचं आहे.

तुमची,
मंगळवार-गुरुवार-शनिवारवाली ताई